नावड इंग्रजीत सांगायची तर : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

संध्याकाळच्या वर्गात मी नोकरीच्या मुलाखतींचा सराव घेते. एकदा नर्सिंग पूर्ण केलेली एक मुलगी समोर बसली होती. मी विचारलं, कामातलं काय आवडत नाही? तिने ताठ बसून, स्पष्ट उच्चारात उत्तर दिलं, “आय हेट नाइट ड्यूटी.” व्याकरण बिनचूक होतं. पण खऱ्या मुलाखतीत हे वाक्य गेलं असतं, तर ‘हिला रात्रपाळी देता येणार नाही’ एवढाच अर्थ पलीकडे पोचला असता. मी म्हटलं, आता हेच मराठीत सांग. ती पटकन म्हणाली, “रात्रपाळी जिवावर येते हो मॅडम, पण करते मी.”

‘जिवावर येते’ आणि ‘हेट’ यांत केवढं अंतर आहे! तिच्या मराठी वाक्यात थकवा होता, थोडी कुरकुर होती आणि ‘पण करते मी’ असा कामसूपणाही होता. इंग्रजीत येताना ते सगळं वाटेतच गळून पडलं, कारण तिच्याजवळ ‘डोन्ट लाइक’ आणि ‘हेट’ हे दोनच शब्द होते.

शब्दकोश उघडून इथे फारसं भागत नाही. हेट, डिटेस्ट, लोद, अबहॉर, डिस्पाइझ यांच्यासमोर फिरून फिरून ‘तिरस्कार करणे, द्वेष करणे’ हेच सापडतं. उलट मराठीत आपण नावड किती बारीक सांगतो ते बघा : नको वाटतं, कंटाळा येतो, वीट येतो, डोक्यात जातं, किळस येते, शिसारी येते, तिटकारा आहे, अढी आहे, आकस आहे. कोणता शब्द कुठे वापरायचा, हे आपल्याला लहानपणापासून कळतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की इंग्रजी शब्द ‘तिरस्कार’ या एका खुंटीला टांगू नका. प्रत्येक शब्द त्याच्या जवळच्या मराठी शब्दाला बांधा. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच क्रमाने लावल्या आहेत. एका बैठकीत सगळ्या करायची घाई नको.

पायरी १ : ‘मला’ सोडा, ‘आय’ धरा

‘मला कारलं आवडलं नाही, मला भाजी आवडली नाही.’ या वाक्यांत क्रियापद कारल्यामागे आणि भाजीमागे जातं; माणूस ‘मला’ म्हणून बाजूला बसलेला असतो. इंग्रजीत वाक्य माणसापासून सुरू होतं आणि क्रियापद त्याच्यामागे जातं. “आय डोन्ट लाइक बिटर गोर्ड.” आईविषयी बोलायचं तर “माय मदर डझन्ट लाइक टी.” इथे नवशिके हमखास “माय मदर इज नॉट लाइक टी” म्हणतात. त्याचा अर्थ होतो ‘माझी आई चहासारखी नाही’. ‘इज’ लागला की ‘लाइक’चा अर्थ ‘सारखं’ असा होतो, हे एकदा पक्कं करून टाका.

दुसरी सवय ‘आय अ‍ॅम नॉट लायकिंग दिस जॉब’ अशी. ‘आवडत नाहीये’ या मराठी रूपावरून ते वाक्य येतं. प्रमाण इंग्रजीत आवड-नावड ही चालू असलेली क्रिया मानत नाहीत, ती मनाची स्थिती मानतात. म्हणून नेहमी साधा वर्तमानकाळ : “आय डोन्ट लाइक दिस जॉब.”

तिसरी गोष्ट पुस्तकांत क्वचितच दिसते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. दुकानात साडी उलगडली, आपण म्हणतो, “हा रंग नाही आवडला.” साडी अजून समोर आहे, तरी आपण भूतकाळ वापरतो. मराठीत ते सहज आहे. इंग्रजीत वस्तू समोर असताना “आय डिडन्ट लाइक द कलर” म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, मागे कधीतरी पाहिलेल्या दुसऱ्याच साडीबद्दल चाललंय. तिथे “आय डोन्ट लाइक दिस कलर” हवं. ‘डिडन्ट लाइक’ हे काल पाहिलेल्या सिनेमासाठी, संपलेल्या जेवणासाठी, सोडलेल्या नोकरीसाठी ठेवा.

पायरी २ : ‘फारसं’ आणि ‘अजिबात’

ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा.

“आय डोन्ट रिअली लाइक इट.”
“आय रिअली डोन्ट लाइक इट.”

शब्द तेच, फक्त ‘रिअली’ने जागा बदलली. पहिल्याचा अर्थ ‘फारसं आवडत नाही’, दुसऱ्याचा ‘अजिबात आवडत नाही’. ‘डोन्ट’नंतर ‘रिअली’ आला की नकार मऊ होतो, आधी आला की कडक. कुणाच्या घरी जेवताना ही अदलाबदल झाली तर यजमानांचा चेहरा पडू शकतो. वर्गात ही दोन वाक्यं मी प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा म्हणवून घेते.

‘फारसं’साठी दुसरी सोय म्हणजे ‘व्हेरी मच’ शेवटी जोडणं : “आय डोन्ट लाइक इट व्हेरी मच.” मात्र ‘आय व्हेरी डोन्ट लाइक’ असं होत नाही, ‘व्हेरी’ एकटा क्रियापदाआधी बसत नाही.

आता सौम्य नावडीची रोजच्या वापरातली वाक्यं. ब्रिटनमध्ये “आय अ‍ॅम नॉट कीन ऑन मशरूम्स” हे अगदी घरगुती आहे. “आय अ‍ॅम नॉट अ बिग फॅन ऑफ हॉरर फिल्म्स” सगळीकडे चालतं. “इट्स नॉट फॉर मी” हे सर्वांत सुरक्षित. त्यात वस्तूला नाव ठेवलं जात नाही, आपल्या आवडीशी जुळत नाही एवढंच सांगितलं जातं. “इट्स नॉट माय कप ऑफ टी” याचा चहाशी संबंध नाही. छंद, संगीत, खेळ, सिनेमाचा प्रकार अशा रुचीच्या गोष्टींसाठी ते आहे. कुणी अन्याय केला, फसवलं, तिथे ते वापरलं तर हलकं वाटतं. ‘आय अ‍ॅम नॉट फाँड ऑफ’ हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. चूक नाही, पण बोलण्यात जरा पुस्तकी वाटतं.

‘आय डोन्ट केअर फॉर इट’ म्हणजे ‘मला ते आवडत नाही’. यातले ‘फॉर इट’ गाळले की ‘आय डोन्ट केअर’, म्हणजे ‘मला काही फरक पडत नाही’. दोन छोटे शब्द सुटले, की सभ्य नापसंतीचा उद्धटपणा होतो.

ऐकतानाही हीच सावधगिरी ठेवा. इंग्रज माणूस “आय अ‍ॅम नॉट टू शुअर अबाउट द कलर” म्हणाला, तर तो रंगाबद्दल साशंक आहे असं समजून थांबू नका. बहुतेक वेळा त्याला रंग आवडलेला नसतो. आपल्याकडे स्थळ पसंत नसलं की ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो आणि सगळ्यांना काय ते समजतं. त्याच जातीचं हे बोलणं आहे.

पायरी ३ : नावड बसलीय कुठे?

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. मराठीत नावड शरीरात कुठेतरी बसलेली असते. कुणी डोक्यात जातं, काही बघून पोटात ढवळतं, एखादं काम जिवावर येतं, एखाद्याबद्दल मनात अढी असते, कशाला तरी आपण नाक मुरडतो. इंग्रजी शब्दांच्या मुळाशी गेलं तर तिथेही बऱ्याच ठिकाणी हेच सापडतं. म्हणून आधी स्वतःला विचारा, ही नावड कुठे आहे? मग शब्द निवडा.

पोटात ढवळणारी. ‘डिसगस्ट’ हा शब्द चवीच्या लॅटिन शब्दापासून आलाय, पण आज त्याचा अर्थ किळस. बुरशी आलेला पाव, तुंबलेलं गटार, बसस्टँडवरच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या, हे ‘डिसगस्टिंग’. त्याच्या शेजारी ‘रिव्होल्टिंग’ ठेवा, ते शिसारीच्या जवळचं. “इट टर्न्स माय स्टमक” म्हणजे शब्दशः आपलं ‘पोटात ढवळतं’. कुणाची वागणूक किळसवाणी असेल तर तिथेही ‘डिसगस्टिंग’ चालतं. पण दुसऱ्याच्या घरच्या स्वयंपाकाला हा शब्द कधीही लावू नका. तो पदार्थ आपल्याला आवडला नाही एवढंच सांगायचं असताना, तो किळसवाणा आहे असं म्हटल्यासारखं होतं.

‘डिस्टेस्ट’मध्येही चव लपलेली आहे, पण गंमत बघा, हा शब्द जेवणासाठी क्वचितच येतो. तो वागण्याबोलण्याविषयीच्या सौम्य नापसंतीचा आहे : “शी हॅज अ डिस्टेस्ट फॉर शो-ऑफ्स.” म्हणजे बडेजाव मिरवणारी माणसं तिला रुचत नाहीत. आपलं ‘रुचत नाही’ इथे नेमकं बसतं.

डोक्यात जाणारी. “तो माझ्या डोक्यात जातो” याला “ही गेट्स ऑन माय नर्व्ह्ज.” इथे द्वेष नाही, नुसती चीड आहे. म्हणून ‘हेट’ आणायचं कारण नाही. ‘अ‍ॅनॉइंग’ आणि ‘इरिटेटिंग’ एवढे दोन शब्द रोजचं नव्वद टक्के काम करतात. एखादी बारीकशी गोष्ट असते, दुसऱ्या कुणाला खटकत नाही, पण आपल्याला हमखास खटकते. कुणी बशीतला चहा भुरके मारत प्यायला, कुणी लोकलमध्ये स्पीकर लावून व्हिडिओ पाहिला. त्याला इंग्रजीत सुरेख शब्द आहे, ‘पेट पीव्ह’. पेट म्हणजे लाडकं, पीव्ह म्हणजे चीड. आपण जपून ठेवलेली खास चीड.

जिवावर येणारी. काम करायचं तर आहे, पण मन मागे ओढतं. “आय अ‍ॅम रिलक्टंट टू गो.” जरा लेखी भाषेत “आय अ‍ॅम लोथ टू गो.” साध्या बोलण्यात “आय डोन्ट फील लाइक गोइंग”, म्हणजे जावंसं वाटत नाही. पोटात गोळा येण्याइतकं नको वाटत असेल तर ‘ड्रेड’ : “आय ड्रेड मंडे मॉर्निंग्ज.” ‘लोथ’बद्दल एक सूचना. शेवटी थ असलेला ‘लोथ’ म्हणजे नाखूश, हे विशेषण. शेवटी द ऐकू येणारा ‘लोद’ म्हणजे तिटकारा करणे, हे क्रियापद. एका आवाजाने अर्थ कुठच्या कुठे जातो.

वीट आणणारी. श्रीखंड आवडतं, पण चार दिवस रोज खाल्लं की वीट येतो. इंग्रजीतलं ‘फेड अप’ याच कल्पनेतून आलंय. फेड म्हणजे खाऊ घातलेला, अगदी नको होईस्तोवर. “आय अ‍ॅम फेड अप विथ पॉवर कट्स.” ‘सिक ऑफ’ आणि ‘टायर्ड ऑफ’ही तसेच. या तिन्हींची अट एकच, गोष्ट वारंवार घडलेली असली पाहिजे. एकदाच पाहिलेल्या नाटकाचा वीट येत नाही, तसं त्याला ‘फेड अप’ही लागत नाही. आणि ‘आय अ‍ॅम सिक’वर थांबलात तर आजारी असल्याचं कळेल, ‘ऑफ’ लावायला विसरू नका.

मनात धुमसणारी. इथे इंग्रजीचा एक मोलाचा शब्द आहे, ‘रिझेंट’. आपल्यावर अन्याय झालाय असं वाटून जे सलत राहतं ते. घरात दोन मुलं असताना भांडी एकट्या मुलीच्या वाट्याला येतात. तिला भांडी घासण्याचा तिटकारा नसतो. आपल्यालाच का, हे तिला सलतं. “शी रिझेंट्स डूइंग ऑल द हाउसवर्क.” इथे ‘हेट्स’ म्हटलं तर तिची तक्रारच हरवते, आणि ती आळशी आहे असं वाटायला लागतं. माझ्या वर्गात येणाऱ्या कितीतरी बायकांना हा शब्द कळल्यावर, इतकी वर्षं मनात असलेलं नेमकं वाक्य सापडलं.

हेच सलणं वर्षानुवर्षं जपलं की डूख होतो : “ही होल्ड्स अ ग्रज अगेन्स्ट हिज कझिन.” ग्रज या शब्दाच्या जुन्या फ्रेंच मुळाचा अर्थ कुरकुर करणं असा आहे. बांधावरून वीस वर्षं न बोलणारे चुलतभाऊ डोळ्यांसमोर आणा, शब्द विसरणार नाही. काही अनुभव नसतानाच आधीपासून धरलेली अढी म्हणजे ‘प्रेज्युडिस’.

नजरेत दिसणारी. ‘डिस्पाइझ’चं लॅटिन मूळ वरून खाली पाहणं असं आहे. म्हणजे तुच्छ लेखणं. हेट आणि डिस्पाइझ यांत इथेच फरक पडतो. ज्याची आपल्याला भीती वाटते किंवा जो आपल्यापेक्षा बलवान आहे, त्याचाही आपण द्वेष करू शकतो. डिस्पाइझ मात्र आपण ज्याला खालच्या पातळीचा मानतो त्यालाच करतो. ‘कन्टेम्प्ट’ हे त्याच भावनेचं नाव. ‘कन्टेम्प्ट ऑफ कोर्ट’ तुम्ही बातम्यांत वाचलेलं असेल. आपल्याकडे १९७१ चा कायदा त्याच नावाचा आहे आणि मराठीत त्याला न्यायालयाचा अवमान म्हणतात. न्यायाधीश आवडत नाहीत म्हणून खटला होत नाही, न्यायालयाला न जुमानल्याबद्दल किंवा त्याची पत घालवल्याबद्दल होतो. आणि नाक मुरडण्यासाठी इंग्रजीतही नाकच आहे : “डोन्ट टर्न अप युअर नोज अ‍ॅट इट.”

तोंड फिरवायला लावणारी. ‘अव्हर्जन’ म्हणजे मुळात दुसरीकडे वळणं. दुधाचा वास आला तरी तोंड फिरवणारं मूल आठवा : “ही हॅज अ‍ॅन अव्हर्जन टू मिल्क.” कारण सांगता येत नाही, पण माणूस आपोआप दूर होतो, अशा नावडीला हा शब्द आहे.

पायरी ४ : जड शब्द जपून

‘हेट’ हा सर्वांत जास्त वापरला जाणारा जड शब्द. वस्तूंच्या बाबतीत बोलण्यात तो सैल झालाय. “आय हेट ट्रॅफिक” यात कुणाला काही गंभीर वाटत नाही. माणसाचं नाव पुढे आलं की तोच शब्द पूर्ण वजनाने पडतो. “आय हेट माय मॅनेजर” हे रागाच्या भरात मैत्रिणीला सांगणं वेगळं आणि ईमेलमध्ये लिहिणं वेगळं.

‘डिटेस्ट’ आणि ‘लोद’ हे तिटकाऱ्याचे शब्द, हेटपेक्षा कडक आणि बोलण्यापेक्षा लेखनात जास्त. ‘अबहॉर’चं लॅटिन मूळ शहारून मागे सरणं असं आहे. त्यात आपला ‘अंगावर काटा’ जसाच्या तसा आहे. तो शब्द क्रूरपणा, हिंसा, जातिभेद अशा गोष्टींसाठी राखून ठेवतात : “आय अबहॉर व्हायलन्स.” भेंडीच्या भाजीला अबहॉर लावू नका, वाक्य कोसळतं.

नावडीच्या छटा पुसल्या तर काय होतं, याचा एक दाखला मराठी माणसाने विसरू नये असा आहे. १८९७ साली ‘केसरी’तल्या लेखनावरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. भारतीय दंड संहितेच्या कलम १२४ अ मधला कळीचा शब्द होता ‘डिसअफेक्शन’. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला त्याचा अर्थ सांगितला, अफेक्शनचा अभाव. आणि त्यात हेट्रेड, एन्मिटी, डिसलाइक, हॉस्टिलिटी, कन्टेम्प्ट असे सगळे दुर्भाव बसवले. द्वेष, वैर, साधी नावड आणि तुच्छता एकाच पंगतीला आली. सरकारबद्दल प्रेम नाही, हेही मग गुन्ह्याच्या कक्षेत आलं. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी कलमात दुरुस्ती होऊन हेट्रेड आणि कन्टेम्प्ट हे शब्द थेट त्यात घातले गेले. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘डिसअप्रोबेशन’ म्हणजे सरकारी उपायांबद्दलची नापसंती मात्र, द्वेष न चेतवता व्यक्त केली तर, गुन्ह्याबाहेर ठेवली होती. मी हा प्रसंग वर्गात सांगते तेव्हा डिसलाइक आणि हेट्रेड यांच्यात किती अंतर आहे, हे वेगळं समजवावं लागत नाही.

पायरी ५ : पुढे काय जोडायचं

शब्द निवडला, आता त्याच्या पुढचा जोड. मोठा नियम सोपा आहे : डिसलाइक, डिटेस्ट, लोद, रिझेंट, माइंड यांच्यापुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतं. “आय डिसलाइक वेटिंग.” ‘आय डिसलाइक टू वेट’ असं नको. ‘हेट’ला दोन्ही चालतं, “आय हेट वेटिंग” आणि “आय हेट टू वेट”. ‘वुड हेट’ असेल तर ‘टू’ : “आय वुड हेट टू मिस द ट्रेन.” “आय हेट टू बॉदर यू, बट...” हे तर नम्रतेचं ठरलेलं वाक्य आहे, ‘त्रास देते हं, पण’ अशा अर्थाचं, तिथे द्वेषाचा लवलेश नाही.

‘कान्ट स्टँड’ म्हणजे सहन होत नाही : “आय कान्ट स्टँड द नॉइज.” हे नकारातच वापरायचं. ‘आय कॅन स्टँड हिम’ म्हटल्याने तो आवडतो असा अर्थ होत नाही.

शब्दयोगी अव्ययं पाठच करावी लागतात, त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही. सिक आणि टायर्ड यांना ‘ऑफ’. कन्टेम्प्ट, डिस्टेस्ट, डिसडेन यांना ‘फॉर’. अव्हर्जन, अव्हर्स, अ‍ॅलर्जिक यांना ‘टू’. ग्रज आणि प्रेज्युडिस यांना ‘अगेन्स्ट’. फेड अप आणि बोअर्ड यांना ‘विथ’. रोज एक गट, प्रत्येक शब्दाचं स्वतःच्या घरातलं एक वाक्य, असं पाच दिवस करा.

पायरी ६ : मी बोअर्ड, तो बोअरिंग

मराठीत आपण “मला बोअर होतंय” म्हणतो, त्यामुळे इंग्रजीत ‘आय अ‍ॅम गेटिंग बोअर’ येतं. हवं ते “आय अ‍ॅम बोअर्ड” किंवा “आय अ‍ॅम गेटिंग बोअर्ड”. आणखी घातक म्हणजे ‘आय अ‍ॅम बोअरिंग’. त्याचा अर्थ ‘मी कंटाळवाणी आहे’. तसंच ‘आय अ‍ॅम डिसगस्टिंग’ म्हणजे ‘मी किळसवाणा आहे’. ज्याला भावना होते त्याला शेवटी ड, जो भावना आणतो त्याला ‘इंग’. “द लेक्चर वॉज बोअरिंग, सो आय वॉज बोअर्ड.” अ‍ॅनॉइड-अ‍ॅनॉइंग, इरिटेटेड-इरिटेटिंग, सगळ्यांना हाच कायदा.

पायरी ७ : चार खड्डे

“वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?” याला आपण भाबडेपणाने ‘येस’ म्हणतो. प्रश्न असा असतो, की खिडकी उघडायला तुमची काही हरकत आहे का? तेव्हा हरकत नसेल तर “नो, नॉट अ‍ॅट ऑल.”

‘त्याची मला अ‍ॅलर्जी आहे’ असं आपण गमतीत म्हणतो, इंग्रजीतही म्हणतात. पण हॉटेलात बसून, फक्त आवडत नाही म्हणून, ‘आय अ‍ॅम अ‍ॅलर्जिक टू पीनट्स’ म्हणू नका. ब्रिटनमध्ये १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणं खाद्यव्यावसायिकांवर कायद्याने बंधनकारक आहे. त्या यादीत शेंगदाणे, तीळ, मोहरी आणि दूधही आहे, म्हणजे आपला अर्धा मसाल्याचा डबा. वेटर तुमचं वाक्य खरं धरणार, स्वयंपाकघरात निरोप जाणार, भांडी वेगळी काढली जाणार. खरोखर अ‍ॅलर्जी असणाऱ्यासाठी ही व्यवस्था जिवाच्या मोलाची आहे. तुम्हाला नुसतं नको असेल तर “नो पीनट्स फॉर मी, प्लीज” पुरेसं आहे.

‘अव्हर्स’ आणि ‘अ‍ॅडव्हर्स’ यांची गल्लत बँकेत हमखास होते. अव्हर्स माणूस असतो. ‘रिस्क अव्हर्स’ म्हणजे जोखीम नको असणारा. अ‍ॅडव्हर्स परिणाम असतो, औषधाचा किंवा हवामानाचा.

आणि ‘आय अ‍ॅम नॉट अव्हर्स टू अनदर कप’ म्हणजे नावड मुळीच नाही. आणखी एक कप मिळाला तर हवाच आहे.

पायरी ८ : तोंडावर सांगायची वेळ

नावड सांगताना तीन गोष्टींचा क्रम धरला की बरं पडतं : आधी आभार किंवा एखादी चांगली बाजू, मग सौम्य नावड, मग पर्याय. जेवणाच्या टेबलावर : “थँक यू, इट लुक्स लव्हली. आय अ‍ॅम नॉट कीन ऑन मशरूम्स, बट आय वुड लव्ह सम मोअर राइस.” ऑफिसात एखादी योजना पटली नाही तर ‘आय डोन्ट लाइक युअर प्लॅन’ म्हणजे माणसावर बोट जातं. “आय हॅव सम कन्सर्न्स अबाउट द टाइमिंग” म्हटलं की बोट वेळापत्रकावर जातं आणि बोलणं पुढे सरकतं. जिथे खरंच अन्याय झालाय तिथे मात्र हा मऊपणा सोडा. “आय फाउंड दॅट रिमार्क ऑफेन्सिव्ह” हे सरळ, ठाम आणि सभ्य वाक्य आहे. नव्याने शिकणाऱ्यांना ते बोलायची भीती वाटते, म्हणून मी ते आरशासमोर उभं राहून म्हणायला लावते.

त्या नर्स मुलीने तिचं उत्तर मग स्वतःच बांधलं : “नाइट शिफ्ट्स आर नॉट माय फेवरिट, आय फाइंड देम टायरिंग, बट आय डू देम विदाउट कम्प्लेंट.” यात ‘जिवावर येते’ही आहे आणि ‘पण करते मी’ही.

सराव

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढे बघा. प्रत्येक वेळी नावड कुठे बसलीय ते आधी ठरवा.

पाणी रोज उशिरा येतं, अगदी वीट आलाय. शेजाऱ्याची ती हसण्याची पद्धत डोक्यात जाते. हा रंग नाही आवडला. सगळी उसाबर माझ्यावरच, हे सलतं मला. क्रिकेट मला फारसं आवडत नाही. गरिबांकडे तुच्छतेने बघणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. इतक्या उन्हात बाहेर जायचं जिवावर आलंय. फ्रिजमधला तो वास, शी!

माझी उत्तरं अशी. “आय अ‍ॅम फेड अप विथ द वॉटर कमिंग लेट एव्हरी डे.” “द वे माय नेबर लाफ्स गेट्स ऑन माय नर्व्ह्ज.” “आय डोन्ट लाइक दिस कलर.” “आय रिझेंट हॅविंग टू डू एव्हरीथिंग मायसेल्फ.” “आय डोन्ट रिअली लाइक क्रिकेट.” “आय लोद पीपल हू लुक डाउन ऑन द पुअर.” “आय डोन्ट फील लाइक गोइंग आउट इन दिस हीट.” “दॅट स्मेल इन द फ्रिज इज डिसगस्टिंग.”

सहाव्या वाक्यात ‘लोद’च्या शेवटी द नीट ऐकू आला का, ते शेजारच्याकडून तपासून घ्या.